शब्दविचार : ‘मारे’ म्हणजे समुद्र

मॉरिशसच्या राजचिन्हावर ‘स्टेला क्लाविस्क्वे मारिस इंडिकी’ हे लॅटिन ब्रीदवाक्य आहे. हिंदी महासागराचा तारा आणि किल्ली, हा त्याचा अर्थ होय. त्यातील ‘मारिस’चे मूळ नाम ‘मारे’, म्हणजे समुद्र. मराठीत समुद्र पुल्लिंगी, तर ‘मारे’ नपुंसकलिंगी आहे. मराठीत सामान्यरूपास ‘चा’ प्रत्यय लागून ‘समुद्राचा’ होते. लॅटिनमध्ये नामाचा शेवट पालटून षष्ठीचे ‘मारिस’ होते. विशेषणही त्याच लिंगवचनविभक्तीत ‘इंडिकी’ असे येते. संस्कृताची रीतही हीच. ‘क्लाविस्क्वे’मधील ‘क्वे’ आणि संस्कृत ‘च’ यांचे मूळ तर एकच. दोन्ही शब्दामागून येऊन ‘आणि’ हा अर्थ देतात.

षष्ठी संबंध दाखविते. १८३४ नंतरच्या काळात कराराने या बेटावर आलेल्या मराठी मजुरांस हा समुद्र म्हणजे ताटातूट होती. परंतु कोकणच्या किनाऱ्यास लागणारे पाणीही याच महासागराचे आहे. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी हे ब्रीदवाक्य वाचताना ‘मारिस’पाशी क्षणभर थांबावे. पूर्वजांना दुरावणारा समुद्र तेथे दोन्ही किनाऱ्यांचा संबंध सांगत उभा आहे.