उतरलेली बंदूक आणि तिचे खरे मोल



यंदा आमच्या गावी रानडुकरांनी मक्याचा फडशा पाडला. रात्रभर माळ्यावर बसून डबे बडवावेत, आणि पहाटे जरा डोळा लागला की अर्धे वावर भुईसपाट! अशाच एका रात्रीनंतर माझा एक जुना विद्यार्थी शाळेच्या ओट्यावर येऊन बसला. त्याने मोबाइलवर एक जुनी चित्रफीत दाखवली. अमेरिकेतील एका दुकानात लाकडी खोकी फोडून त्यांतून वंगणाने माखलेल्या रशियन रायफली काढीत होते, आणि एकेक शंभर डॉलरच्या आत विकीत होते. पोरगा म्हणाला, "गुरुजी, ही तर शेळीच्या मोलात झाली! आपल्याकडे अशी मिळती, तर डुकरांची काय बिशाद होती?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्याचे पीक जाते त्यालाच त्याची आच कळते. सबब या स्वस्त बंदुकीचा जमाखर्च नीट मांडून पाहावा म्हणून हा लेख लिहीत आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. लढाई संपली किंवा सैन्यास नवे हत्यार मिळाले, म्हणजे जुन्या बंदुकांचे ढीग सरकारला नकोसे होतात. मग व्यापारी ते घाऊक भावाने उचलतात. अमेरिकेत हा धंदा फार जुना आहे. इ. स. १८९८ च्या स्पेनबरोबरच्या लढाईनंतर बॅनरमन नावाच्या व्यापाऱ्याने इतका माल घेतला, की तो ठेवण्यास न्यूयॉर्क शहरात जागा पुरेना. त्याने हडसन नदीतील एक बेटच विकत घेतले व त्यावर गढीसारखी कोठारे बांधली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर युरोपातील देशोदेशींच्या बंदुका अमेरिकेच्या बाजारात लोटल्या. सोव्हिएत राज्य इ. स. १९९१ मध्ये मोडल्यावर तिकडची मोसिन-नागांत रायफल खोक्याखोक्यांनी आली. ही बंदूक मूळ १८९१ सालची. तिच्या तीन कोटींच्या वर प्रती निघाल्याचा अंदाज आहे.

या मालाची तेथील गरिबास भूल पडली, यात नवल नाही. खाणकामगार, लहान शेतकरी, लाकूडतोडे यांना नवी शिकारी बंदूक परवडत नसे. उतरलेली फौजी बंदूक त्यांच्या हाती आली आणि घरात हरणाचे मांस आले. वस्तूही हिणकस नव्हती. चिखलात, बर्फात, अडाणी शिपायाच्या हाती चालावी म्हणून ती बनवलेली होती. तिचे भाग थोडे आणि दणकट, आणि पोलाद घडीव असे. लाकूड मुरवलेले. आपला सुतार-लोहार ती पाहील तर करणाऱ्याच्या हातास दाद दिल्यावाचून राहणार नाही. इतके काम आज नव्याने करून घेऊ म्हटले, तर कितीतरी पट दाम पडतील. तेव्हा स्वस्त म्हणजे टाकाऊ, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल.

आता खर्चाची बाजू.

पहिली गोष्ट काडतुसाची. बैल स्वस्त मिळाला तरी वैरण रोज लागते, तशी बंदुकीची वैरण काडतूस. जुन्या बंदुकीबरोबर जुनी फौजी काडतुसेही सीलबंद डब्यांतून स्वस्त येत. पण त्यांतील पुष्कळांच्या टोपीत क्लोरेटचा मसाला असे. तो पेटला की नळीत एक प्रकारचे मीठ उरते. पावसाळ्यात आपल्या चुलीमागचे मीठ कसे पाझरते, ते गृहिणींना सांगावयास नको. तसेच ते मीठ हवेतील पाणी ओढते आणि नळीतील आटे गंजून जातात. तेलाने ते निघत नाही. पाण्यानेच धुवावे लागते. शिपाई म्हणूनच नळीत उकळते पाणी ओतीत. ज्यांना हे कोणी सांगितले नाही, त्यांची बंदूक थोड्याच दिवसांत आतून खाऊन गेली. पुढे जुनी काडतुसे संपत आली. इ. स. २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन दारूगोळ्याच्या आयातीस नवे परवाने देणे बंद केले. मग वैरण महागली. बंदूकही आज त्या भावाने मिळत नाही. किंमत कित्येक पट चढली आहे.

दुसरी गोष्ट जोडाची. बंदुकीचा बोल्ट व नळी यांची सांगड अगदी बारीक मापाची असते. कोठारात भाग इकडचे तिकडे होतात. एका जात्याची पाळू दुसऱ्या जात्यावर बसवली तर पीठ जाडेभरडे पडेल, एवढेच. येथे मात्र फट राहिली तर काडतुसाचे पितळ फाटून तापलेला वायू उडवणाऱ्याच्या तोंडावर येतो. जाणत्या कारागिराकडून माप तपासून घ्यावे, तर त्याची मजुरी द्यावी लागते. त्यात दस्ता कापावा, नळी आखूड करावी, दुर्बीण बसवावी, असा नाद लागला की नव्या बंदुकीइतका खर्च होतो आणि जुनीचेही मोल जाते.

तिसरी गोष्ट लोहारबंधूंनी विशेष ध्यानात घ्यावी. पोलादास पाणी देताना ते किती तापले, हे तुम्ही रंगावरून ओळखता. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड येथील सरकारी कारखान्यातही इ. स. १९०३ च्या रायफलीसाठी पूर्वी असेच चाले. उजेड बदलला की रंग वेगळा भासे. काही पोलाद फाजील तापले व ठिसूळ झाले. इ. स. १९१७ च्या सुमारास बंदुका फुटू लागल्या तेव्हा दोष उघडा पडला, आणि पुढे तापमान यंत्राने मोजू लागले. पण आठ लाखांखालच्या क्रमांकाच्या त्या जुन्या बंदुका जगातून नाहीशा झाल्या नाहीत. काही खाजगी माणसांच्या घरी गेल्या. वरून पाहता त्यांत काही कमी दिसत नाही!

चौथी गोष्ट सर्वांत भारी. स्वस्त हत्यार सज्जनास सोपे पडते, तसे दुर्जनासही पडते. इ. स. १९६३ च्या मार्च महिन्यात एका माणसाने खोट्या नावाने, टपालाने, इटालियन सैन्याची उतरलेली कार्कानो रायफल मागवली. दुर्बिणीसकट किंमत १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च दीड डॉलर. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला त्याच बंदुकीने राष्ट्राध्यक्ष केनेडी मारले गेले. मग इ. स. १९६८ च्या कायद्याने बंदुकांची अशी टपालविक्री व फौजी मालाची आयात बंद झाली. आयातीचा दरवाजा इ. स. १९८४ च्या कायद्याने जुन्या, संग्रहाच्या बंदुकांपुरता पुन्हा उघडला. एकवीस डॉलरच्या त्या बंदुकीचे मोल एका राष्ट्राने काय दिले, याचा हिशेब कोणत्या वहीत मांडावा?

या उतरलेल्या मालाशी आमचाही जुना संबंध आहे. इ. स. १८५७ नंतर इंग्रज सरकारने धोरणच धरले, की देशी शिपायाचे हत्यार गोऱ्याच्या हत्याराहून एक पायरी मागे असावे. गोऱ्यास मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा देशी शिपायाच्या हाती स्नायडर. गोऱ्यास ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा आमच्या शिपायाकडे गोऱ्याच्या अंगावरून उतरलेली मार्टिनी. पुढे ईशापूरच्या कारखान्यात .३०३ रायफलींचे आटे काढून, एकेक गोळीच्या .४१० मस्कटी करून त्या पोलिसांस व पहारेकऱ्यांस दिल्या. म्हणजे जुनी द्यायची, तीही बोथट करून! आणि त्याच ईशापुरात आमच्या कामगारांनी १९६० नंतरच्या दशकात केलेल्या ७.६२ मापाच्या रायफली सैन्यातून उतरल्यावर अमेरिकेच्या बाजारात स्वस्त माल म्हणून विकल्या गेल्या.

इंग्रज गेला, पण उतरलेले हत्यार खालच्या शिपायाच्या गळ्यात घालण्याची खोड गेली नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर मारेकऱ्यांच्या हाती एके-४७ होत्या आणि आमच्या काही पोलिसांच्या हाती जुन्या .३०३. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हाती तर नुसती लाठी होती. साताऱ्याकडील खेड्यातल्या त्या माणसाने मारेकऱ्याची बंदूक छातीशी घट्ट धरली म्हणून तो जिवंत सापडला. शौर्याची उणीव कोठेच नव्हती. पण जुन्या हत्याराने वाचलेला पैसा कोणाच्या रक्तातून फिटतो, हे त्या रात्री दिसले.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. सैन्यात चाललेल्या बोअरची बंदूक आपल्याकडे खाजगी माणसास सहसा ठेवता येत नाही, आणि कोणतीही बंदूक परवान्यावाचून ठेवणे गुन्हा आहे. पण कायदा घटकाभर बाजूला ठेवू. फौजी गोळी सबंध धातूच्या कवचाची असते. ती जनावराच्या आरपार जाते आणि मैलभर पलीकडेही जीव घेऊ शकते. म्हणूनच अमेरिकेतील बऱ्याच राज्यांत हरणाच्या शिकारीस ती चालू देत नाहीत. तिकडे शेते मैल मैल लांब. आपली वावरे बांधाला बांध लागून. या माळ्यावर बाप, त्या माळ्यावर चुलता. अंधारात डुकरावर झाडलेली गोळी कोणाच्या घरचा दिवा विझवील, याचा नेम काय? डुकरांच्या त्रासास कुंपण, सामाईक राखण, वेळेवर पंचनामा, वनखात्याकडे भरपाईचा अर्ज, हे मार्ग दमवणारे खरेच आहेत. पण चार घरे मिळून लढली तर त्यांतून काही हाती येते. मी त्या मुलास सांगितले, "चल, आधी तुझा अर्ज लिहू." तो आम्ही लिहिला, आणि त्यावर शेजारच्या सात शेतकऱ्यांच्या सह्या घेतल्या.

वाचकहो, बंदूक असो की दुसरी कोणतीही वस्तू, मोठ्यांच्या अंगावरून उतरून आपल्या दारी स्वस्तात आली, तर तीन गोष्टी विचाराव्यात. ज्याने टाकली त्याने का टाकली? ती रोज काय खाईल? आणि ती बिघडली किंवा चुकली तर जखम कोणास होईल? या तिन्हींचे उत्तर नीट मिळाले तर खुशाल घ्यावी. शहाण्या हाती जुनी वस्तूही सोने होते. न मिळाले, तर फुकट मिळाली तरी घेऊ नये. कारण गरिबाला चुकलेला सौदा जितका महाग पडतो, तितका श्रीमंताला कधीच पडत नाही.