हनुवटीवरचा केस आणि कुळाची पारख

तीर्थक्षेत्री आधी क्षौर करावे आणि मग स्नान, हा प्रघात जुना आहे. केसांच्या आश्रयाने पापे राहतात, ही त्यामागची समजूत. नृसिंहवाडीस कृष्णा-पंचगंगेच्या संगमी जाणाऱ्या एखाद्या भाविकाने श्रद्धेने मुंडन करून घेतले, तर त्याच्याशी आमचा वाद नाही. केस त्याचे आणि पापही त्याचेच. वाद आहे तो याच समजुतीच्या घरगुती आवृत्तीशी. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या हनुवटीवर चार राठ केस दिसू लागले, की सुशिक्षित घरांतूनही कुजबूज सुरू होते. बाई 'पुरुषी' ठरते. तिच्या करारी स्वभावाचा उगम त्या चार केसांत सापडतो. आणि घरात लग्नाची नात असेल तर पाहुण्यांपुढे आजीला माजघरात बसविण्यात येते.

या कुजबुजीला शास्त्राधारही आहे, हे कबूल केले पाहिजे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात अंगावर फार केस असलेली कन्या वर्ज्य सांगितली आहे, मुळीच केस नसलेलीही वर्ज्य, आणि रोमश कुळ तर समूळ वर्ज्य. फार असले तरी दोष, नसले तरी दोष! आयुर्वेद यापेक्षा पुष्कळ बरा. त्याने केसांस अस्थिधातूचा मल म्हटले आणि केस पिकण्याचे खापर पित्तावर फोडले. आजच्या ज्ञानाशी ते जुळत नसले, तरी त्याने कारण शरीरात शोधले, कुळाच्या अब्रूत नव्हे.

आजचे ज्ञान काय सांगते? स्त्रीपुरुषांच्या चेहऱ्यावर मुळे असतातच. फरक आहे तो त्या मुळांना मिळणाऱ्या हुकमाचा. टेस्टोस्टेरोन आणि त्यापासून होणारे अधिक प्रखर द्रव्य ही संप्रेरके हनुवटीवरच्या कोवळ्या लवेचे राठ, काळ्या केसांत रूपांतर करतात. ही द्रव्ये स्त्रीच्या शरीरातही थोड्या प्रमाणात आयुष्यभर असतात. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीत्वाचे संप्रेरक झपाट्याने उतरते. त्या मानाने दुसरे कमी उतरते. तराजूचे एक पारडे रिकामे झाले की दुसरे खाली जाणारच. हनुवटीवरचे चार केस म्हणजे एवढेच.

आणि गंमत पाहा. हीच द्रव्ये पुरुषाच्या डोक्यावरची मुळे, आनुवंशिक प्रवृत्ती असल्यास, हळूहळू बारीक करीत नेतात. हॅमिल्टन या शरीरशास्त्रज्ञाने १९४२ साली दाखविले, की यौवनापूर्वी ज्यांचे वृषण निकामी झाले त्यांस टक्कल पडत नाही. मात्र घराण्यात टक्कल असलेल्या अशा पुरुषांस टेस्टोस्टेरोन दिले, तर पडू लागते. म्हणजे आजोबांचे टक्कल आणि आजीची हनुवटी ही एकाच कारखान्याची कामे! पण आजोबांचे टक्कल हे विद्वत्तेचे लक्षण, त्यांच्या कानांतून डोकावणारे केस दीर्घायुष्याचे, आणि आजीचे चार केस तेवढे अवलक्षण. हा न्याय कोणत्या शास्त्राचा?

वस्तरा लावला तर केस दाट येतात, या धाकाने कित्येक जणी आयुष्यभर संकोचात राहिल्या. मिल्ड्रेड ट्रॉटर या विदुषीने १९२८ सालीच मोजमाप करून सांगितले, की असे काही होत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो राठ लागतो, इतकेच.

स्त्रीच्या केसांवर समाजाने मालकी सांगावी, ही आपली जुनी खोड आहे. विधवेच्या केशवपनाविरुद्ध आगरकरांनी लेखणी झिजविली. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी लोखंड्यांच्या प्रेरणेने विधवांच्या डोक्यास वस्तरा लावण्याचे नाकारले. केशवपन गेले, पण वृत्ती गेली नाही. वाडी ज्या शिरोळ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामस्थांस मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे व बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव करावा लागला. त्यांनी तो केला, हे त्यांना भूषणावह. करावा लागला, हे आपणां सर्वांना नव्हे.

याच्या उलट दुसरा पक्ष आहे तो मलमे आणि तेले विकणाऱ्यांचा. त्यांच्या लेखी प्रत्येक केस हा रोग आणि प्रत्येक पांढरा केस संकट. केसाला रंग देणाऱ्या पेशींचा मुळाशी असलेला साठा वयाबरोबर आटतो. तो तेलाने भरून येत नाही, मग बाटलीवर कितीही मुनींची नावे छापा.

केस हे आजाराचे चिन्ह कधीच नसते, असे मात्र आम्ही म्हणत नाही. अठरा-वीस वर्षांच्या मुलीच्या ओठावर व हनुवटीवर केस वाढत असून पाळी अनियमित असेल, तर पुष्कळदा पीसीओएस हा विकार निघतो आणि त्यावर उपचार आहेत. कोणत्याही वयात केस काही महिन्यांत भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, तर क्वचित बीजकोशात वा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असते. तेथे दिरंगाई महागात पडते. पण ज्या घरात केस म्हणजे कुळाची अब्रू, तेथे मुलीला डॉक्टरकडे नेण्याऐवजी हळद-बेसन लावून घरात बसवितात, आणि 'लग्न झाले की सारे सुरळीत होईल' असे सांगणारी एक मावशी कोठून तरी हजर होतेच.