शंभर रुपयांत गाव जवळ येत नाही

७ मे २०२४. पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर केंद्राध्यक्ष म्हणून माझी शेवटची ड्युटी होती. दुपारी रांग आटली. पोलिंग एजंट यादीतली उरलेली नावं चाळत बसले. "हा मुंबईला." "हा माथाडी, कोपरखैरण्यात." "ही पोरीकडं पुण्याला." त्या दिवशी साताऱ्यात सुमारे ६३ टक्के मतदान झालं, सांगलीत ६२. तेव्हापासून पारावर एकच उपाय ऐकतोय, "दंड लावा, झक मारत येतील."

दंडानं मतदान वाढतं, हे खोटं नाही. ऑस्ट्रेलियात १९२२ ला ते ६० टक्क्यांच्या आत होतं. १९२४ ला सक्तीचा कायदा आला आणि १९२५ ला आकडा ९१ च्या पुढं गेला. पण तिथं टपालानं किंवा आधीच मत देता येतं आणि कारण सबळ असेल तर दंड माफ होतो. आपल्याकडं गुजरातनं स्थानिक निवडणुकांसाठी २०१५ मध्ये शंभर रुपये दंड ठरवला. उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली.

माझं मूळ गाव विट्याजवळ. पुतण्या कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानात. मतदानाला यायचं तर जाण्यायेण्याचं तिकीट आणि वर तीन-चार दिवसांचा खाडा. शंभराची पावती त्याला स्वस्तच पडेल. आणि जे पुढारी मतं विकत घेतात, त्यांना पावत्या भरणं काय जड?

मी ड्युटीवर होतो, तर माझ्या मताची सोय झाली. अपशिंगे मिलिटरी गावातला जवान सीमेवरून टपालानं मत देतो. ८५ वर्षांपुढच्या म्हाताऱ्यांकडं २०२४ ला कर्मचारी घरी गेले. राहिले ते गलाईवाले आणि माथाडी. त्यांच्यासाठी एकाच जागेवरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेणारं यंत्र आयोगानं तयार केलं, जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं. पक्षांनी शंका काढल्या आणि विषय तिथंच अडला.

त्या शंका आधी मिटवा. ते यंत्र कोइमतुरात आणि कोपरखैरण्यात नेऊन ठेवा. त्यानंतरही जो घरात पंखा लावून झोपेल, त्याला खुशाल दंड करा. पावत्या फाडायला हा निवृत्त मास्तर बिनपगारी येईल.