उत्तर न देणारा सिनेमा

मणी कौल यांचा ‘सतह से उठता आदमी’ (1980) पाहून उठलेला प्रेक्षक पहिला प्रश्न विचारतो तो हा: रमेश, केशव आणि माधव हे तीन मित्र आहेत की एकाच माणसाचे तीन तुकडे? मध्य प्रदेश सरकारच्या पाठबळावर भोपाळमध्ये आकाराला आलेला हा सिनेमा हिंदी कवी मुक्तिबोधांच्या कथा, डायरी आणि कविता एकमेकांत विरघळवतो. अभिनेते गोपींचा रमेश बोलतो तेव्हा तो पात्र असतो की लेखक, ते शेवटपर्यंत कळत नाही. मधेच माणसं बाजूला पडतात आणि कॅमेरा कारखान्यात शिरतो. यंत्रं, धूर, लोखंड. बराच वेळ कुणी काही बोलत नाही. कंटाळा येतो, हे कबूल. पण आमच्या मते सगळी मेख तिथंच आहे: या मित्रांच्या खोलीतल्या वादांना ज्या जगाचा पत्ता नाही, ते जग तिथं न बोलता समोर येतं.

केशव मुक्तिबोधांच्या डायरीतून आला आहे. तिच्यातला ‘तीसरा क्षण’ वाचलेल्यांना तो लगेच ओळखू येईल. आम्ही मात्र तिघांना एकच मानतो. घरी मराठी आणि लेखणीत हिंदी असलेल्या, ज्याचा सख्खा भाऊ शरच्चंद्र मराठीत कविता करत होता अशा मुक्तिबोधांसारख्या कवीला दुभंगलेपण कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तुम्हाला तिघं वेगळे वाटले तर जरूर कळवा. भांडायची आमची तयारी आहे.