वर्गातल्या अबोल मुलासाठी काही पुस्तके

पुण्या-नाशिकची शाळा सोडून बंगळूरच्या आंतरराष्ट्रीय शाळेत रुजू होणाऱ्या शिक्षिकेच्या हाती आधी पडतात त्या अभ्यासक्रमाच्या जाडजूड मार्गदर्शिका. आयबी असो वा केंब्रिज, मूल्यमापनाच्या निकषांपासून सारे काही त्यांत सापडते. पण वडिलांच्या बदलीपायी सोलहून आलेला एखादा मुलगा तीन-तीन महिने वर्गात तोंड का उघडत नाही, या प्रश्नापाशी त्या थांबतात. मग त्या मुलावर ‘कच्चा’ असा शिक्का बसतो आणि तो पुसायला पुढे वर्षे जातात.

अशा वेळी डेव्हिड पोलॉक आणि रूथ व्हॅन रेकन यांचे ‘थर्ड कल्चर किड्स’ हे १९९९ साली आलेले पुस्तक हाताशी हवे. देशोदेशी वाढणाऱ्या मुलांना मैत्रिणी, घर, कुत्रा, सारे पुन्हा पुन्हा सोडावे लागते. पण नवे घर मोठे, शाळा भारी, म्हणून त्यांच्या दुःखाला कोणी दुःख मानत नाही. निरोप कसा घ्यावा, हेही लेखक सांगतात. भांडणे मिटवावीत, जीव लावणाऱ्यांना तसे बोलून दाखवावे, माणसांबरोबर जागांचाही निरोप घ्यावा आणि मग पुढच्या गावाचा विचार करावा. अमेरिकेहून परतलेल्या मराठी मुलांनाही हे लागू पडते. आडनाव देशपांडे, चेहरा आपल्यातलाच; त्याला इथे परके वाटत असेल, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही!

‘इंग्रजी तर फाडफाड बोलतो, मग पेपरात का अडतो?’ ही दुसरी तक्रार. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी तिचे उत्तर दिले आहे. मैदानावरचे इंग्रजी साधारण दोन वर्षांत येते. पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजीत बरोबरीच्या मुलांना गाठायला मात्र ५ ते ७ वर्षे लागू शकतात. घरची भाषा पक्की असेल तर तिचा आधारच होतो. तेव्हा पालकांना ‘घरीही इंग्रजीच बोला’ असे सांगू नये. त्यांचे ‘लँग्वेज, पॉवर अँड पेडगॉजी’ (२०००) जड आहे, सलग वाचवत नाही. सुट्टीत थोडे थोडे वाचावे.

त्यामानाने सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांचे ‘टीचर’ (१९६३) कादंबरीसारखे वाचून होते. न्यूझीलंडमधील माओरी मुलांना त्या विचारत, ‘आज तुला कोणता शब्द हवा?’ मूल सांगेल तो शब्द जाड कागदावर लिहून त्याच्या हाती देत. भीतीचे, मायेचे शब्द मुले एका नजरेत शिकत. ही युक्ती कोरियन मुलावरही करून पाहण्यासारखी आहे. खर्च फक्त कार्डांचा.

खिशाला परवडणारे हवे असेल, तर कृष्ण कुमार यांचे ‘द चाइल्ड्स लँग्वेज अँड द टीचर’ हे छोटेखानी पुस्तक घ्यावे. जुन्या प्रतींसाठी चर्च स्ट्रीटवरच्या दुकानांत चौकशी करावी, आणि बाकीची शाळेच्या ग्रंथालयाला मागवायला सांगावीत.