किनाऱ्यावर न संपणारी वादळं

मराठवाड्यातल्या कळंब तालुक्यात सोयाबीनचं मळणीयंत्र चालवणारा माणूस बंगालच्या उपसागरावर नजर ठेवून असतो, याचं माझ्या गिऱ्हाइकांना हसू येतं. "दादा, समुद्र कुठं, आपण कुठं!" पण कळंब आणि आंध्रातलं कलिंगपट्टणम जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. मध्ये साडेआठशे किलोमीटर जमीन आहे. ही जमीन वादळाला संपवते, असं आपण शाळेपासून धरून चाललो आहोत आणि त्या भरवशाचा फटका दरवेळी काढणीच्या आठवड्यात बसतो.

२६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी 'गुलाब' चक्रीवादळ कलिंगपट्टणमच्या उत्तरेला जमिनीवर आलं. वाऱ्याचा जोर दुसऱ्याच दिवशी उतरला. वादळ मात्र मोडलं नाही. तेलंगण ओलांडून २७ आणि २८ तारखेला त्याने मराठवाड्याला झोडपलं. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, नदीकाठची रानं पाण्याखाली गेली, कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंज्या तरंगल्या. उभ्या पिकाच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. तेच उरलेलं वादळ पुढे गुजरातवरून अरबी समुद्रात उतरलं, तिथे 'शाहीन' नावाने पुन्हा उभं राहिलं आणि ३ ऑक्टोबरला ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर धडकलं. एका समुद्रात जन्म, दुसऱ्यात पुनर्जन्म आणि मधला सगळा मुक्काम आमच्या डोक्यावर!

वादळ जगतं ते वाफेवर. कोमट समुद्राचं पाणी वाफ होऊन वर जातं, वर थंड होऊन त्याचे ढग होतात आणि त्या वेळी सुटणारी उष्णता वादळाला पोसते. जमिनीवर आलं की ही रसद तुटते, डोंगर-झाडांशी घासून वारा मंदावतो. हे बरोबरच आहे. पण जमीनच पाण्याने तुडुंब भरलेली असेल तर? २००७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत 'एरिन' नावाचं किरकोळ वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आलं आणि तीन दिवसांनी, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, ओक्लाहोमात त्याच्यात चक्क डोळा दिसू लागला. समुद्रावर होता त्याहून जास्त वारा त्याने जमिनीवर दाखवला. आधीच्या पावसाने तिथली माती चिंब होती. जॉर्जिया विद्यापीठाच्या थेरेसा अँडरसन आणि मार्शल शेफर्ड यांनी १९७९ ते २००८ या काळातली जगभरची २२७ वादळं तपासली. त्यांतल्या ४५ वादळांनी जमिनीवर आपला जोर टिकवला किंवा वाढवला होता. अशा भिजलेल्या जमिनीला शास्त्रज्ञ 'तपकिरी समुद्र' म्हणतात.

आमचा समुद्र काळा. सप्टेंबरअखेरीस काळ्या रानाला वाफसा नसतो, यंत्राचं चाक रुततं, पाऊस उघडून ऊन पडलं की बांधावर उभं राहून अंग चिकट होतं. ती नुसती उकाड्याची तक्रार नाही, वादळाचं खाद्य आहे ते. भारतातही यावर काम झालं आहे. किश्तवाल, नियोगी आणि सहकारी शास्त्रज्ञांनी बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या मान्सूनच्या न्यूनदाब क्षेत्रांचा अभ्यास करून दाखवलं, की जमीन आधीच ओली असेल तर ती क्षेत्रं देशात अधिक आतपर्यंत शिरतात. गुलाब टिकण्याचं सगळं श्रेय मी आमच्या मातीला देणार नाही, मान्सूनचे वारेही तेव्हा जागेवरच होते. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरात असा जमिनीवरून आलेला तीव्र न्यूनदाब वाटेत न मोडता कच्छवरून समुद्रात गेला आणि तिथे 'आसना' चक्रीवादळ झाला. अरबी समुद्रात १९७६ नंतर ऑगस्टमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. तेव्हा गुलाबला अपवाद म्हणून सोडून देऊ नये.

हवामान खात्याने इशारा दिला नाही, अशी माझी तक्रार नाही. इशारे असतात. पण वादळाची श्रेणी ठरते वाऱ्यावर, ताशी ६२ किलोमीटरच्या खाली वारा आला की ते चक्रीवादळ राहत नाही, आणि आमचं नुकसान करतं ते पाणी. किनाऱ्यावरच्या कोळ्याला वादळ कुठे, किती वाजता येणार हे गावातल्या भोंग्यावरून कळतं. पुढचा मार्ग खात्याच्या पत्रकातही असतोच. आमच्या मोबाइलवर पोहोचतो तो फक्त रंग: पिवळा, नारंगी, लाल. आख्ख्या जिल्ह्याला एक रंग! त्यावरून कापणी थांबवायची की रात्रीतून मळून घ्यायची, हे कोण ठरवणार? चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात आणि पंचनामे सुरू होतात. नुकसान झाल्यानंतरची यंत्रणा मंडळापर्यंत पोहोचू शकते, मग आधीची का नाही?

उपसागरातलं वादळ जमिनीवर आल्यापासून ते पूर्ण विरेपर्यंत किंवा दुसऱ्या समुद्रात उतरेपर्यंत, दर सहा तासांनी तालुक्याच्या नावाने मार्ग आणि वेळ सांगणारा मजकूर ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर वाजला पाहिजे. रान किती भिजलेलं आहे, तेही त्यात यावं. धरणातून किती पाणी कधी सोडणार, हे खालच्या गावांना त्याच भोंग्यावर कळावं. यासाठी नवं धरण बांधायचं नाही की उपग्रह सोडायचा नाही.

आणि शेतकरी मंडळींना एक सांगणं: आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर वादळ धडकल्याची बातमी सप्टेंबरात वाचलीत, तर पान उलटू नका. त्याच दिवशी ताडपत्र्या बाहेर काढा आणि मळणीयंत्रवाल्याला फोन करा. दुसऱ्या दिवशी केलात, तर माझं यंत्र दुसऱ्याच्या रानात असेल.