बढतीच्या आधीची पायरी

१९९५ सालच्या ७७ व्या घटनादुरुस्तीने बढतीतील राखीव जागांचा मार्ग सरकारला खुला करून दिला. परंतु खातेप्रमुख कोण होणार, हे बढतीच्या हुकुमाच्या कित्येक वर्षे आधीच ठरत असते. प्रशिक्षणास कोणाचे नाव धाडले, परिषदेस कोणास पाठविले, यावर. ‘अ’ गटातील अनुसूचित जातिजमातींच्या अधिकाऱ्यांना अशी संधी अधिक द्यावी, असे केंद्र सरकारच्या आरक्षणविषयक सूचनांतच नमूद आहे. आणि १९९० च्या कायद्याने बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झालेला आहे. पण त्या सूचना वाचतो कोण? आमचे अधिकारीही संकोचाने गप्प बसतात! ज्याचे नाव वगळले गेले असेल त्याने त्या सूचनांच्या आधारे लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी आणि नकाराचे कारणही लेखीच मागावे.